वस्तूंचं जग आणि तक्त्यांचं जग

शाळेच्या कार्यालयात, लोखंडी कपाटात एक जाडजूड रजिस्टर असतं. आपण त्याला जनरल रजिस्टर म्हणतो. मूल शाळेत दाखल झालं की त्यात एक ओळ भरली जाते. नोंदणी क्रमांक, पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. पुढे मूल मोठं होतं, दहावी होतं, शाळा सोडून जातं. ओळ मात्र तिथेच राहते. तीस-चाळीस वर्षांनी कुणी पासपोर्टसाठी दाखला मागायला आलं, तर कारकून तीच ओळ शोधून काढतात.

आता त्याच शाळेतलं एखादं मूल डोळ्यांपुढे आणा. ते हात वर करतं, उशिरा येतं, वही विसरतं, गणितात नापास होतं आणि पुढच्या चाचणीत पासही होतं. मूल सतत काही ना काही करत असतं. रजिस्टरातली ओळ काहीच करत नाही. ती फक्त असते.

दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याबद्दलच्या आहेत. पण संगणकशास्त्रात यांतल्या एकेका कल्पनेतून एकेक स्वतंत्र परंपरा वाढली. एक ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची, म्हणजे वस्तूंच्या भाषेत आज्ञावली लिहिण्याची. दुसरी डेटाबेसची, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडून ठेवण्याची. साधारण एकाच काळात, पण एकमेकींशी फारसा संबंध न येता त्या वाढल्या. आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला दोन्ही शिकाव्या लागतात, आणि दोन्हींची जिथे गाठ पडते तिथेच नेमकं घोडं अडतं.

हे मी अनुभवानं सांगतो. पहिल्या सत्रात मुलं क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स शिकतात, जमतं. दुसऱ्या सत्रात एसक्यूएल शिकतात, तेही जमतं. मग प्रकल्प येतो: शाळेच्या ग्रंथालयाची आज्ञावली लिहा, माहिती डेटाबेसमध्ये ठेवा. इथे हुशार मुलंसुद्धा चाचपडायला लागतात. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, “सर, विद्यार्थी नक्की आहे कुठे? मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये की टेबलमधल्या ओळीत?” मी म्हणालो, “तू आत्ता पुस्तकात दिलंय तसं लिही, पुढे कळेल.” हे उत्तर नव्हतं. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. या क्षेत्रातली नामवंत मंडळी वीसेक वर्षं त्याच प्रश्नाशी झगडत होती, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. ती हकिकत सांगण्यासाठी हा लेख.

पुलावरची रांग

गोष्ट नॉर्वेतून सुरू होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये क्रिस्टेन निगार्ड हा बावीस वर्षांचा तरुण तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाला. नॉर्वेच्या पहिल्या अणुभट्टीसाठी आकडेमोड चालू होती. युरेनियमच्या कांड्या किती जाड असाव्यात यासारखे प्रश्न सरळ सूत्रानं सुटत नव्हते. तेव्हा निगार्ड आणि त्याचे सहकारी यदृच्छ अंक घेऊन घटनांची नक्कल कागदावर करत. प्रत्यक्ष प्रयोग करता येत नसेल तर त्याची प्रतिकृती चालवून पाहायची, या पद्धतीला सिम्युलेशन म्हणतात. पुढे हीच पद्धत त्यानं रांगा, वाहतूक, कारखान्यांतली कामं अशा प्रश्नांना लावली.

१९६० मध्ये तो ऑस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये आला. प्रोग्रॅमिंगमध्ये तरबेज असलेला ओले-योहान डाल हा त्याचा जुना सहकारी तिथे त्याला येऊन मिळाला. दोघांनी सिम्युलेशनसाठी खास भाषा बनवायला घेतली. तिचं नाव सिम्युला. पहिली आवृत्ती १९६५ च्या सुमारास युनिव्हॅक ११०७ या संगणकावर चालू लागली.

अशी भाषा मुळात हवीच कशाला? तोवरच्या भाषांत आज्ञावली म्हणजे एकामागून एक पाळायच्या सूचनांची यादी, पाककृतीसारखी. पण बंदरात एकाच वेळी अनेक जहाजं असतात. एक माल उतरवत असतं, दुसरं धक्क्याची वाट पाहत असतं, तिसरं नुकतंच आत येत असतं. प्रत्येकाची स्वतःची गोष्ट चालू असते. मग एक लांबलचक यादी करण्यापेक्षा प्रत्येक जहाजाला स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं देऊन का मोकळं होऊ नये? सिम्युलाचा गाभा हाच होता.

त्यापुढची पायरी १९६६ च्या अखेरीला गाठली गेली. डाल आणि निगार्ड पुलाच्या टोलनाक्याचं उदाहरण सोडवत होते. नाक्यावर वाहनांची रांग आहे. त्यांत काही ट्रक आहेत, काही बस आहेत. ट्रकला वजन असतं, बसमध्ये प्रवासी असतात. दोघांना रांगेत उभं राहता यायला मात्र हवं. रांगेत उभं राहण्याचा भाग दोनदा लिहायचा का? दोघांच्या लक्षात आलं की समान भाग एकदाच लिहावा आणि त्यावर ट्रकपण किंवा बसपण चढवावं. आज आपण ज्याला इनहेरिटन्स म्हणतो ते इथे जन्मलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ टोनी होअर यानं नुकतीच मांडलेली ‘रेकॉर्ड क्लास’ची कल्पना त्यांच्या उपयोगी पडली. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळच्या एका परिषदेत ही नवी भाषा, सिम्युला ६७, त्यांनी मांडली. क्लास, सबक्लास, ऑब्जेक्ट ही आजच्या पाठ्यपुस्तकांतली मंडळी तिच्यात हजर होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू या, पुढे लागेल. सिम्युलातली वस्तू प्रतिकृती चालू असेपर्यंतच जगते. प्रयोग संपला, संगणक थांबला, की जहाजं, ट्रक आणि बस सगळं नाहीसं होतं. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण हवे असतात ते निष्कर्ष. उद्या सकाळी तोच ट्रक परत हवा असेल तर काय, हा प्रश्न या परंपरेच्या जन्मवेळी कुणी विचारलाच नव्हता.

ऐंशी फूट कागद

१९६६ मध्येच अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अॅलन के नावाचा नवा विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या टेबलावर टेपांचा ढीग आणि एक चिठ्ठी ठेवलेली होती: ही अल्गॉल भाषा आहे, चालत नाही, चालवून दाखवा. कागदपत्रं वाचताना काही केल्या अर्थ लागेना. शेवटी त्यानं आणि एका सहाध्यायानं आज्ञावलीचा छापील कागद व्हरांड्यात ऐंशी फूट लांब उलगडला आणि त्यावर रांगत रांगत ती वाचून काढली. ती अल्गॉल नव्हती. ती सिम्युला होती.

के यानं आधी गणिताबरोबर जीवशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यामुळे त्याला या वस्तूंत पेशी दिसल्या. पेशीच्या आत काय चाललंय हे बाहेरच्यानं पाहायचं नाही. तिला संदेश द्यायचा, ती तिच्या पद्धतीनं प्रतिसाद देईल. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हा शब्द त्याचाच. १९७० मध्ये झेरॉक्स कंपनीनं कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे संशोधन केंद्र काढलं. तिथे के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. आपण शिक्षकांनी लक्षात घ्यावं असं की, तिचे पहिले वापरकर्ते म्हणून त्यांनी शाळेतली मुलं निवडली होती. मुलांना कळलं नाही तर दोष भाषेचा, असा त्यांचा खाक्या होता.

पुढचा प्रवास थोडक्यात पाहू. डेन्मार्कच्या बियार्ने स्ट्राउस्ट्रुपनं केंब्रिजला संशोधन करताना सिम्युला वापरली होती. १९७९ पासून बेल प्रयोगशाळेत त्यानं तिच्या कल्पना सी भाषेत आणल्या; त्यातून सी प्लस प्लस झाली आणि १९८५ मध्ये बाजारात आली. १९९५ मध्ये सन कंपनीची जावा आली. टोलनाक्यावरची कल्पना जगभरच्या अभ्यासक्रमांत पोचली.

चंद्राकडे जाणारी यादी

आता दुसरी परंपरा. साठच्या दशकात अमेरिकेची अपोलो मोहीम चालू होती. यान आणि रॉकेट यांच्या असंख्य सुट्या भागांची यादी कागदावर सांभाळणं अशक्य झालं होतं. त्यासाठी आयबीएमनं यानाचं काम करणाऱ्या कंपनीच्या साहाय्यानं एक प्रणाली बनवली. तिचं नाव पुढे आयएमएस पडलं. १९६८ मध्ये ती कामाला लागली. तिच्यात माहिती झाडासारखी रचलेली असे: यान, त्याचे विभाग, विभागाचे भाग, भागांचे उपभाग. त्याआधी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यानं आयडीएस नावाची प्रणाली रचली होती. तिच्यात नोंदी एकमेकींना दोऱ्यांनी बांधल्यासारख्या जोडलेल्या असत. या कामासाठी त्याला १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यानं प्रोग्रॅमरला नावाड्याची उपमा दिली. नोंदींच्या समुद्रात वाट काढत जायचं, हे त्याचं काम.

अडचण अशी की, ज्या वाटा आधी आखल्या असतील त्यांवरूनच सहज जाता येई. आपल्या शाळेचं उदाहरण घ्या. हजेरीपत्रकं इयत्तेनुसार ठेवलेली आहेत. “आठवी ब मध्ये कोण कोण आहे?” हे क्षणात सांगता येतं. पण “एसटीनं ये-जा करणारी मुलं कोणती?” असं कुणी विचारलं की सगळी हजेरीपत्रकं चाळायला बसावं लागतं. शिवाय उद्या पत्रकांची मांडणी बदलली तर जुन्या मांडणीवर विसंबून लिहिलेली प्रत्येक आज्ञावली मोडते.

आयबीएमच्या सॅन होझे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉडला हे खटकत होतं. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला कॉड युद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता; ऑक्सफर्डला त्यानं गणित आणि रसायनशास्त्र शिकलं होतं. जून १९७० मध्ये त्याचा अकरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात झाडं नव्हती, दोऱ्या नव्हत्या. होती ती संच सिद्धांतातली ‘रिलेशन’ ही कल्पना. आपल्या भाषेत सांगायचं तर साधे तक्ते. तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक सत्य विधान. “क्रमांक ४१२ च्या विद्यार्थ्याची इयत्ता आठवी आहे” हे असं एक विधान. दोन तक्ते जोडायचे ते दोरीनं नाही, तर दोन्हींत असलेल्या समान किमतीनं. निकालाच्या तक्त्यात ४१२ आहे आणि विद्यार्थ्यांच्या तक्त्यातही ४१२ आहे, एवढं पुरे.

आणि विचारणाऱ्यानं फक्त काय हवं ते सांगायचं. कुठून आणि कसं शोधायचं ते यंत्र ठरवेल. नावाड्याची गरज संपली.

ही कल्पना लगेच कुणी उचलून धरली नाही. खुद्द आयबीएमचा पैसा आयएमएसमध्ये गुंतलेला होता. १९७४ मध्ये बाकमन आणि कॉड यांच्या पक्षांचा जाहीर वादही झाला. त्याच वर्षी आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी कॉडच्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी सीक्वेल ही भाषा मांडली. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुण वयात वारला. सीक्वेल हे नाव आधीच दुसऱ्या कंपनीकडे नोंदलेलं निघालं, म्हणून पुढे ते एसक्यूएल झालं. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस ही प्रणाली बांधून दाखवली. गंमत म्हणजे एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस बाजारात पहिल्यांदा विकला तो आयबीएमनं नव्हे. १९७९ मध्ये एका छोट्या कंपनीनं तो विकला. ती पुढे ओरॅकल नावानं प्रसिद्ध झाली. कॉडला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये एसक्यूएल अमेरिकेची प्रमाणित भाषा झाली.

दोन्ही परंपरा आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. सिम्युलाचा प्रश्न आहे, “ही वस्तू काळाच्या ओघात कशी वागते?” कॉडचा प्रश्न आहे, “कुणीही, केव्हाही, कुठल्याही बाजूनं विचारलं तरी काय खरं आहे?” प्रश्नच निराळे, मग उत्तरं जुळणार कशी?

न जुळणारे सांधे

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना इंपीडन्स मिसमॅच माहीत असतो. अॅम्प्लिफायर उत्तम, स्पीकरही उत्तम. पण दोघांचा इंपीडन्स जुळत नसेल तर एकाची शक्ती दुसऱ्याकडे नीट पोचत नाही. ऐंशीच्या दशकात संगणकशास्त्रज्ञांनी हाच शब्द वस्तू आणि तक्ते यांच्यातल्या विसंगतीसाठी उसना घेतला. ती नेमकी कुठे आहे? चार ठिकाणं पाहू.

पहिलं, ओळख. ऑब्जेक्टची ओळख म्हणजे त्याची मेमरीतली जागा. ओळीची ओळख म्हणजे तिच्यातला क्रमांक. त्यामुळे एकाच ओळीवरून दोन ऑब्जेक्ट तयार होऊ शकतात. समजा एका मुलाचे सहलीचे ५०० रुपये बाकी आहेत. दोन खिडक्यांवर दोन कारकून आहेत आणि दोघांच्या संगणकांनी ‘बाकी ५००’ असं वाचून घेतलं आहे. वडिलांनी पहिल्या खिडकीवर २०० भरले. तिथला ऑब्जेक्ट ३०० बाकी लिहितो. आईनं दुसऱ्या खिडकीवर ३०० भरले. तिथला ऑब्जेक्ट ५०० मधून ३०० वजा करून २०० बाकी लिहितो. शेवटी तक्त्यात राहतात २००. पैसे पूर्ण भरले आहेत, तरी मूल थकबाकीदार. दोन्ही ऑब्जेक्ट आपापल्या परीनं अचूक वागले! असे घोटाळे टाळण्यासाठी ट्रान्झॅक्शनची, म्हणजे ‘पूर्ण तरी होईल, नाहीतर काहीच होणार नाही, आणि मध्येच दुसऱ्याची ढवळाढवळ नको’ अशा व्यवहाराची कल्पना लागते. सत्तरच्या दशकात तिला पक्का पाया देण्यात जिम ग्रे याचा मोठा वाटा होता. त्याला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

दुसरं, उघडेपणा. ऑब्जेक्ट पेशीसारखा बंद असतो. आतलं कुणी पाहायचं नाही. तक्ता उघडा असतो; कुणीही कुठलाही रकाना विचारावा, यासाठीच तो असतो. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष.

तिसरं, एकेक की एकगठ्ठा. वर्गात ४० मुलं आहेत. ऑब्जेक्टच्या सवयीनं लिहिणारा विद्यार्थी आधी मुलांची यादी मागवतो आणि मग प्रत्येक मुलाला “तुझे गुण सांग” असं विचारतो. डेटाबेसकडे एकूण ४१ फेऱ्या होतात. तक्त्यांच्या सवयीनं विचार करणारा दोन तक्ते जोडून एकाच फेरीत सगळं आणतो. शाळेच्या एका संगणकावर फरक जाणवत नाही. निकालाच्या दिवशी हजारो पालक एकाच वेळी पाहू लागले की चांगलाच जाणवतो.

चौथं, वारसा. पुलावरच्या ट्रक आणि बसकडे परत जाऊ. तक्त्याला सबक्लास ठाऊक नाही. मग ती दोन वाहनं ठेवायची कशी? सगळ्यांचा एकच तक्ता केला तर बसच्या ओळीत वजनाचा रकाना रिकामा आणि ट्रकच्या ओळीत प्रवाशांचा. दोन स्वतंत्र तक्ते केले तर ‘नाक्यावरची सगळी वाहनं’ विचारताना दोन्ही चाळावे लागतात. वाहनांचा एक सामाईक तक्ता आणि ट्रक-बसचे जोडतक्ते केले तर प्रत्येक वेळी जोडाजोड. तिन्ही पद्धती वापरात आहेत आणि निर्दोष एकही नाही. डाल आणि निगार्डच्या टोलनाक्यावरची वाहनं कॉडच्या तक्त्यात बसवताना अशी तारांबळ उडते.

पूल बांधणारे

भांडण मिटवायचा एक मार्ग म्हणजे तक्ते सोडून ऑब्जेक्टच जसेच्या तसे साठवायचे. १९८४ च्या सुमारास जॉर्ज कोपलँड आणि डेव्हिड मायर यांनी स्मॉलटॉकचाच डेटाबेस करण्याचा विचार मांडला; त्यातून जेमस्टोन ही प्रणाली आली. १९८९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मिळून ऑब्जेक्ट डेटाबेसचा जाहीरनामा काढला. पुढच्याच वर्षी स्टोनब्रेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तक्त्यांच्या बाजूनं प्रतिजाहीरनामा काढला! नव्वदच्या दशकात अनेकांना वाटत होतं की तक्त्यांचे दिवस भरले.

तसं झालं नाही. एक कारण आपल्या जनरल रजिस्टरातच दडलं आहे. रजिस्टर मुख्याध्यापकांपेक्षा, कारकुनापेक्षा, कधी कधी इमारतीपेक्षाही जास्त जगतं. आज्ञावली दहा-पंधरा वर्षांत बदलते, भाषाही बदलते, माहिती तीच राहते. एका भाषेतल्या ऑब्जेक्टच्या आकारात माहिती बांधून टाकली तर दुसऱ्या भाषेतल्या आज्ञावलीनं ती वाचायची कशी? आणि तपासणी अधिकाऱ्यांनी ऐनवेळी विचारलेला, आधी कुणाच्या मनातही नसलेला प्रश्न सोडवायचा कसा? इथे तक्ते वरचढ ठरले.

मग पूल बांधणं आलं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावासाठीचं जेडीबीसी आलं. या पुलावरून एसक्यूएलची वाक्यं पलीकडे जातात आणि ओळी अलीकडे येतात. ओळींचे ऑब्जेक्ट करायचं काम प्रोग्रॅमरचं. तेही आपोआप व्हावं म्हणून मॅपर नावाची साधनं निघाली. २००१ मध्ये गॅव्हिन किंगनं जावासाठी हायबरनेट सुरू केलं. २००२ मध्ये मार्टिन फाउलरनं आपल्या पुस्तकात या पुलांचे प्रकार नावं देऊन मांडले. २००४ मध्ये आलेल्या रूबी ऑन रेल्सनं त्यांतला अॅक्टिव्ह रेकॉर्ड हा प्रकार घरोघरी नेला. या साधनांनी कष्ट वाचतात. पण वरचे चार सांधे नाहीसे होत नाहीत, झाकले जातात. ज्याला ते ठाऊक नाहीत त्याची आज्ञावली ४१ फेऱ्या मारत राहते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

एका आडनावाची गोष्ट

पुलावरच्या एका अपघाताची कबुली इथे द्यायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेसाठी मी प्रवेशनोंदणीची छोटी आज्ञावली लिहून दिली होती. खिडकीत भरलेलं नाव घ्यायचं, एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवायचं आणि डेटाबेसकडे धाडायचं. महिनोन्‌महिने चालली. मग एका मुलीच्या प्रवेशाला ती अडली. मुलीचं आडनाव डिसूझा. वसईत आणि गोव्यात हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना ‘डी’ या अक्षरानंतर वर लोपचिन्ह देतात. एसक्यूएलमध्ये नेमकं तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असते. माझ्या वाक्याच्या मधोमध मजकूर संपला आणि उरलेलं आडनाव आज्ञा म्हणून वाचायचा प्रयत्न झाला.

कारकूनबाईंनी मला त्रास नको म्हणून स्वतःच तोड काढली: चिन्ह गाळून नाव भरलं. त्या एकट्या मुलीचं नव्हे, नंतरच्या प्रत्येकाचं. शाळा सोडल्याचे दाखले त्याच नावांनी छापले गेले, आणि जन्मदाखल्यावरचं नाव वेगळं म्हणून पालकांना प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागलं. चूक माझी होती. मजकूर आणि आज्ञा एकत्र चिकटवायच्या नसतात. वाक्यात जागा रिकामी सोडून किंमत वेगळी पाठवायची असते. जेडीबीसीत त्याची सोय पहिल्यापासून होती. मी वापरली नव्हती, एवढंच.

याच चुकीचा कुणी मुद्दाम फायदा घेतला तर नावाच्या जागी आज्ञाच लिहून अख्खा तक्ता वाचता किंवा पुसता येतो. या हल्ल्याचं जाहीर वर्णन १९९८ मध्ये छापलं गेलं. एसक्यूएल इंजेक्शन हे त्याचं आजचं नाव. म्हणून माझं सांगणं असं की, पहिल्याच दिवशी मुलांना लोपचिन्हाचं आडनाव भरायला लावा.

रकाना कोण ठरवतं?

निगार्डबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केलं. कारखान्यांत संगणक येत होते. त्याचं म्हणणं असं की, आज्ञावली म्हणजे जगाच्या एका तुकड्याचं वर्णन. ते वर्णन कसं असावं हे ठरवताना त्या तुकड्यात राबणाऱ्या माणसांनाही बोलता आलं पाहिजे.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत नाव लिहिताना मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. आज्ञावलीतल्या विद्यार्थी-क्लासमध्ये एक गुणधर्म वाढवायला पाच मिनिटं लागतात. तक्त्याचं तसं नाही. त्यात जुन्या ओळी आहेत. त्यांच्या नव्या रकान्यात काय भरायचं? रिकामा ठेवला तर त्याचा अर्थ ‘माहीत नाही’ की ‘लागू नाही’? जुन्या दाखल्यांचा नमुना बदलायचा का? ऑब्जेक्टला फक्त आज सांभाळायचा असतो; तक्त्याला कालचं ओझंही वाहावं लागतं.

वर्गात काय करता येईल

संगणक नसतानाही हा फरक दाखवता येतो. पाच मुलांना पुढे बोलवा. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्या: नाव, क्रमांक, ग्रंथालयातून घेतलेली पुस्तकं. हे ऑब्जेक्ट. कार्ड त्यांनी कुणाला दाखवायचं नाही. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. फळ्यावर दोन तक्ते आखा, विद्यार्थ्यांचा आणि पुस्तकांचा. आता तीन कामं सांगा. एक, “सीमा, एक पुस्तक परत कर.” हे कार्डवाल्यांना सहज जमतं, पण फळ्यावर नोंद झाली का? दोन, “कुणाकुणाची पुस्तकं थकली आहेत?” इथे फळा जिंकतो. तीन, एकाच क्रमांकाचं कार्ड दोन मुलांना द्या, दोघांनाही पुस्तक परत करायला सांगा आणि काय गोंधळ होतो तो मुलांनाच शोधू द्या. शेवटी मुलांना जागेवर बसवा, कार्डं गोळा करून फाडून टाका आणि विचारा, आता काय उरलं? फळा उरला. पण फळ्यावर नोंदवायचं जे राहून गेलं, ते कायमचं गेलं.

एवढं झालं की क्लास, ऑब्जेक्ट, प्रायमरी की, ट्रान्झॅक्शन हे शब्द नुसती नावं राहत नाहीत. मुलांनी त्यांची गरज आधी पाहिलेली असते.

डाल आणि निगार्ड यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार जाहीर झाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या अंतरानं दोघेही गेले. पुढच्या वर्षी, एप्रिल २००३ मध्ये कॉडही गेला. त्यांनी उभी केलेली दोन्ही जगं आज मोबाइलवरून काढलेल्या प्रत्येक रेल्वे तिकिटात आणि प्रत्येक ऑनलाइन निकालात शेजारी शेजारी काम करतात.

त्या मुलीला मी आज काय उत्तर देईन? विद्यार्थी ऑब्जेक्टमध्येही नाही आणि ओळीतही नाही. तो मैदानावर आहे. ऑब्जेक्ट हे त्याच्या आजच्या वागण्याचं वर्णन आहे आणि ओळ ही त्याच्याबद्दल आपण जपून ठेवायचं ठरवलेलं सत्य आहे. दोन्ही अपुरी आहेत आणि दोन्ही लागतात. त्यांचा मेळ घालणं हे प्रोग्रॅमरचं काम. ते अवघड वाटलं तर आपण मठ्ठ आहोत असं समजायचं कारण नाही. ते खरोखरच अवघड आहे.

एवढं सांगायला मला कितीतरी वर्षं लागली. तुमच्या वर्गात कुणी हा प्रश्न विचारला, तर “पुढे कळेल” म्हणू नका.